घाटापुरती तार पुरे

"हायवेवर विजेच्या तारा टाकून ट्रक चालवायचा जर्मनीचा प्रयोग फसला. तारेला बांधलेला ट्रक ओव्हरटेक करू शकत नाही. तार तुटली की रस्ता बंद. घाटात तर हे अशक्यच. खर्च अफाट, आणि वीज शेवटी कोळशाचीच. आता बॅटरीचे ट्रक आलेत, तारांचा विचार सोडा."

हा मजकूर आठवडाभरात मला चार ग्रुपवर आला. पाचव्यांदा आला तो भाच्याकडून. निगडीच्या ट्रान्सपोर्ट नगरीत त्याचं ऑफिस आहे आणि तीन ट्रेलर जेएनपीटी (न्हावा-शेवा बंदर) ते चाकण या फेरीवर असतात. मजकुराखाली त्याने विचारलं होतं, "मामा, तुमचं आयुष्य तारांखाली गेलं. हे खरं आहे का?" रेल्वेच्या ओएचई विभागात, म्हणजे रुळांवरच्या विजेच्या तारा सांभाळणाऱ्या खात्यात, मी ३१ वर्षं काढली, त्यातली बरीचशी कर्जत-लोणावळा घाटात. त्यामुळे उत्तर देणं भागच आहे.

आधी "फसला" या शब्दाचं बघू. स्वीडनमध्ये साँडविकेनजवळ २०१६ साली सार्वजनिक रस्त्यावर २ किलोमीटर तार टाकली गेली. जर्मनीत २०१९ मध्ये फ्रँकफर्ट ते डार्मस्टाटच्या ए-५ वर आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ल्युबेकजवळ ए-१ वर चाचणी सुरू झाली, २०२१ मध्ये गागेनाऊजवळ तिसरी. या ठरावीक मुदतीच्या चाचण्या होत्या आणि २०२४ अखेरपर्यंत त्या संपल्या. ट्रक चालले, तारेतून वीज घेत चालले, रोजचा माल वाहून चालले. पुढे देशभर जाळं पसरायचा निर्णय मात्र जर्मनीने घेतला नाही, कारण मधल्या काळात बॅटरी स्वस्त आणि चांगली झाली. हे मान्यच करायला हवं. पण यंत्र चालत नाही आणि आपल्याला ते सगळीकडे नको, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मजकुराने त्या एक करून टाकल्या.

"तारेला बांधलेला ट्रक" हे वाचून मला मुंबईच्या ट्रॉलीबस आठवल्या. १९६२ ते १९७१ त्या धावल्या. टपावर दोन लांब दांडे, दांडा तारेवरून निसटला की खाली उतरून तो पुन्हा लावायचा. लोकांच्या डोक्यात अजून तेच चित्र आहे. या ट्रकवर दांडा नसतो, पँटोग्राफ असतो, म्हणजे तारेला खालून टेकणारी, वर-खाली होणारी चौकट, आपल्या लोकलवर असते तशी. फरक इतकाच की रेल्वेला वर एकच तार पुरते, करंट रुळांतून परत जातो. रबरी टायरमधून तो परत जाऊ शकत नाही, म्हणून रस्त्यावर दोन तारा लागतात. सेन्सरला वर तार दिसली की पँटो चालत्या गाडीत, ताशी ९० किलोमीटरपर्यंतच्या वेगात, आपोआप वर जातो. ड्रायव्हरने इंडिकेटर दिला की खाली बसतो. ट्रक लेन बदलतो, ओव्हरटेक करतो, वाटल्यास परत तारेखाली येतो. तेवढा वेळ तो बॅटरीवर असतो. तार तुटली तरी हेच. रेल्वेत तार तुटली की मागच्या सगळ्या गाड्या उभ्या राहतात, तार दुरुस्त करणारी टॉवर वॅगन येईपर्यंत प्रवासी आमच्या नावाने खडे फोडत बसतात. इथे ट्रक पँटो खाली घेऊन पुढे निघून जातो.

आता घाट. "घाटात तर हे अशक्यच" या ओळीने मला खरा राग आला, कारण ती पुण्याच्या माणसाने पुढे पाठवावी याचं वाईट वाटतं. बोरघाटातला रेल्वेचा चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. या चढावर १९३० साली विजेच्या इंजिनाने डेक्कन क्वीन नेली. आजही कर्जतला गाडीच्या मागे बँकर, म्हणजे जादा इंजिनं, लागतात आणि तारेतून वीज घेऊन गाडी वर ढकलतात. सपाटीवर वाफ आणि डिझेल पुढे कैक वर्षं चालत राहिले, पण या घाटात वीज फार आधी आली. विजेला घाट सोसत नाही, असं उलटं कुणाच्या मनात कसं येतं?

रस्त्याचा हिशेब मांडतो. खोपोली समुद्रसपाटीपासून जेमतेम ६० मीटरवर, लोणावळा सव्वासहाशेच्या आसपास. मधले साडेपाचशे मीटर ५५ टनांचा भरलेला ट्रेलर वर न्यायला ८२ युनिटं लागतात, मोटर आणि गिअरची गळती धरून ९५. ही नुसती उंचीची किंमत. चाकं फिरवायची आणि वारा कापायची वेगळी. जेएनपीटी ते चाकण साधारण १२० किलोमीटर, किलोमीटरला दीड युनिट धरलं तर १८०. म्हणजे अख्ख्या फेरीच्या पावणेतीनशे युनिटांतली एक तृतीयांशाहून अधिक वीज एका घाटाच्या चढाईत जाते.

वेगाचंही बघा. शेकडा ५ चा चढ ताशी ४० ने चढायचा तर एवढ्या ट्रेलरला साडेतीनशे किलोवॉटच्या आसपास ताकद लागते. भाच्याच्या गाड्यांना ३०० अश्वशक्तीचं इंजिन आहे, म्हणजे सव्वादोनशे किलोवॉट. अशा चढावर त्या २५ च्या वर जाऊच शकत नाहीत. मग २० ने चाललेल्या ट्रकला २५ ने चाललेला ट्रक ओव्हरटेक करत राहतो, तिन्ही लेन अडतात आणि शनिवारी सकाळी खंडाळ्याखाली जे होतं ते आपण सगळे काचेआडून बघतो. दोष ड्रायव्हरचा नाही, त्याच्या पायाखाली ताकदच तेवढी आहे.

एकाच वेळी असे ३० ट्रक तारेखाली चढत असले तर सगळे मिळून १० मेगावॉट ओढतील. आकडा मोठा वाटतो, पण मालगाडीचं एक डब्ल्यूएजी-९ इंजिन एकटं साडेचार मेगावॉटचं असतं. म्हणजे सव्वादोन इंजिनांएवढा भार. शेजारी बोरघाटात रेल्वे तेवढी वीज रोज वापरते. पायथ्याला खोपोलीचं वीजघर तर १९१५ पासून लोणावळ्याचं पाणी खाली सोडून ७२ मेगावॉटपर्यंत वीज बनवतं.

आणि उतार? चाकणहून भरून निघालेला बॅटरीचा ट्रक लोणावळ्याला येतो तेव्हा त्याची बॅटरी बरीच भरलेली असते. उतरताना मोटर जनरेटर होते, पण भरल्या बॅटरीत ती वीज शिरणार कुठे? मग ब्रेक तापतात. वर तार असेल तर पन्नास-एक युनिटं तारेत जातील आणि त्याच वेळी समोरून चढणारा ट्रक ती घेईल. रेल्वेची आजची थ्री-फेज इंजिनं घाट उतरताना हेच करतात.

यातूनच "बॅटरी आली, तार नको" याचं उत्तर मिळतं. तार बॅटरीची जागा घेत नाही, तिचं ओझं कमी करते. तारेविना या फेरीला राखीव धरून साडेतीनशे युनिटांची बॅटरी लागेल. घाट तारेवर चढला तर दोनशेची पुरेल. वजनात साधारण एक टनाचा फरक. ट्रेलरचं एकूण वजन कायद्याने ५५ टनांवर बांधलेलं आहे, त्यामुळे बॅटरीचा प्रत्येक टन मालातून वजा होतो. भाच्याला हे एका वाक्यात कळलं, कारण त्याचं भाडं टनावर ठरतं.

खर्चाच्या मुद्द्यावर मात्र मजकूर निम्मा बरोबर आहे. युरोपातले अंदाज दोन्ही बाजूंच्या तारेला किलोमीटरमागे २० ते ३० लाख युरोंचे आहेत. शंभर रुपयांचा युरो धरला तर २० ते ३० कोटी. पुणे-बेंगळुरूच्या सगळ्या रस्त्यावर एवढा पैसा ओतावा, असं मी म्हणणार नाही. तिथे बॅटरी आणि ठिकठिकाणचे चार्जर हेच शहाणपणाचं. पण खोपोली एक्झिट ते कुसगाव जुना रस्ता १९ किलोमीटरचा आहे. पाचशे कोटींच्या आसपास काम. त्याच टप्प्यावरचा मिसिंग लिंक, म्हणजे बोगदे-पुलांच्या नव्या रस्त्याचा प्रकल्प, साडेसहा हजार कोटींच्या वरचा आहे. त्याने अंतर ६ किलोमीटरने घटतं, चढायची उंची मात्र तेवढीच राहते.

कोळशाबद्दल खोटं बोलणार नाही. आपल्या ग्रिडच्या एका युनिटामागे ७०० ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. किलोमीटरला दीड युनिट म्हणजे एक किलोच्या थोडं वर. डिझेलचा ट्रेलर लिटरला अडीच किलोमीटर देत असेल तर तोही एक किलोच्या थोडं वरच. आज जवळजवळ बरोबरी आहे. पण ग्रिडमध्ये सौर आणि पवन वाढतील तसा विजेचा ट्रक आपोआप स्वच्छ होत जाईल. डिझेलचं इंजिन पंधरा वर्षांनीही तेच ओकणार, आणि घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरवर ओकलेला धूर मागच्या ड्रायव्हरच्याच छातीत जातो.

मजकुरात नसलेला, पण माझी झोप उडवणारा आक्षेप वेगळाच आहे. जून २०२३ मध्ये खंडाळ्याजवळ एक्सप्रेसवेवर टँकर पेटला, माणसं गेली. अशा वेळी वर जिवंत तार असेल तर अग्निशमनवाल्यांनी पाणी मारायचं कसं, क्रेनची बूम उचलायची कशी? रेल्वेत नियम ठाम आहे: आधी पॉवर ब्लॉक, म्हणजे तारेची वीज बंद, मग दोन्ही बाजूंना तार जमिनीशी जोडणारे अर्थिंग रॉड, त्यानंतरच माणूस वर. रस्त्यावर हे पोलिसांना, क्रेनवाल्यांना, रात्री दोन वाजता पोचलेल्या बंबाला शिकवावं लागेल, आणि टप्प्याटप्प्याला वीज तोडता येईल असे छोटे सेक्शन करावे लागतील. चाकणहून निघणारी उंच मशिनरी तारेखालून जाऊ द्यायची की नाही, तेही ठरवावं लागेल.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. खोपोली एक्झिटच्या वर, फक्त चढाच्या बाजूला, पहिले पाच किलोमीटर तार टाका. जेएनपीटी-चाकण फेरीचे दहा ट्रक त्यावर दोन पावसाळे चालवा. दरड, धुकं, ओली तार, सगळं त्यात येऊ द्या. भाच्याने कळवलंय, "मामा, त्या दहांत माझा एक ट्रेलर लिहा."