टाकी फुल, हवा गुल

पारा 43 वर गेला की सोलापुरात दोन गोष्टी हमखास उगवतात. चौकाचौकात रसवंती आणि बंडूशेठच्या मोबाईलवर तो फॉरवर्ड. पेट्रोलची टाकी निम्मीच भरा, फुल केली तर गाडीचा स्फोट होतो, वगैरे. इंडियन ऑइलनं खुलासा करूनही तो मेसेज काही मरत नाही. परवा सात रस्त्याजवळच्या टपरीवर रात्री साडेनऊला बंडूशेठनं तो साऱ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. वाचताना गॉगल कपाळावर होता.

“शेठ, कंपनीनं गाडी काय फक्त महाबळेश्वरात चालवायला बनवली का?” रफिक म्हणाला.

“तू टायरवाला. पेट्रोलचं तुला काय कळतंय बे?”

“पेट्रोल पेटत नाही शेठ, वाफ पेटते. टाकी फुल असली की वाफेला जागा कमी. निम्मी ठेवली की जास्त. मग निम्मी ठेवून काय साधलं?”

सरांनी, म्हणजे निवृत्तीनंतरही तास घ्यायचे न सोडलेल्या आमच्या विज्ञानाच्या सरांनी, पुढचं सांगितलं. शंभर भाग हवेत पेट्रोलची वाफ साधारण दीड ते साडेसात भाग असेल तरच ती पेट घेते. टाकीत ती इतकी दाट असते की ठिणगी पडली तरी जळायला पुरेशी हवाच नसते. शिवाय नुसत्या उष्णतेनं पेट्रोल पेटायला अडीचशेच्या आसपास तापमान लागतं. “सोलापूर अजून तिथवर पोचलेलं नाही,” असं म्हणून सर स्वतःच हसले.

“एवढंच पाळा,” रफिक म्हणाला, “नोजल एकदा कट झालं की थांबा. ‘अजून पन्नासचं बसतंय’ म्हणून कोंबलं की जादाचं पेट्रोल वाफ पकडायच्या कोळशाच्या डब्यात शिरतं. तो डबा गेला की गाडी स्टार्टिंगला त्रास देते आणि तुम्ही पंपवाल्याला शिव्या घालता.”

“मग उन्हाळ्यात गाड्या पेटतात त्या कशानं?” व्यंकटनं विचारलं.

रफिकनं नुसतं समोर उभ्या असलेल्या बंडूशेठच्या गाडीकडं बोट दाखवलं. पुढं चार एलईडी, दोन जादाचे हॉर्न, मागं हा एवढा वूफर. सगळ्याच्या वायरी मूळ वायरिंगला सोलून, वर काळी टेप गुंडाळून जोडलेल्या. उन्हात टेपचा गोंद सुटतो, वायर उघडी पडते आणि पत्र्याला टेकते. तरी 10 अँपिअरचा फ्यूज असला तर तो उडून वाचवतो. पण सारखा उडतो म्हणून तिथं 30 चा ठोकलेला असतो. मग फ्यूजऐवजी वायरच जळते. त्यात डॅशबोर्डवर बॉडी स्प्रेचा डबा आणि लायटर उन्हात ठेवलेला. “बाँब टाकीत नाही शेठ, डॅशबोर्डवर आहे.”

बंडूशेठनं चहा मागवला. अडचणीत आला की तो चहा मागवतो. पैसे कोण देतो ते विचारू नका, गणपतीच्या वर्गणीचा हिशेब अजून लागायचाय.

मग व्यंकटनं आपण होऊन मान पुढं केली. “माझी सिस्टीम सोपी हाय. उन्हाळ्यात मी हवाच कमी ठेवतो. 33 पीएसआय, म्हणजे पंपावरचा हवेच्या दाबाचा आकडा, त्याच्या जागी 26. गरम झाली की फुगते, बरोबर लेवलला येते.”

रफिकनं कप खाली ठेवला. “का बे, तुला गाडी चालवायची हाय का टायर शिजवायचाय?”

खरी चर्चा इथून सुरू झाली. बंडूशेठचं पालुपद होतं की रफिकचं दुकानच टायरचं, त्याचं मत म्हणजे धंद्याचं. पण हायवेवर फुटलेले टायर ज्याच्या दुकानात येऊन पडतात त्याचं ऐकायचं का मोबाईलचं, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

टायर हवा जास्त झाल्यानं फुटतो हा समज घट्ट बसलाय. बहुतेक वेळा होतं उलटं. हवा कमी असली की बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्याला दबते, सुटते, दबते. ताशी 100 ला छोट्या गाडीचं चाक मिनिटाला नऊशेच्या आसपास फिरतं, म्हणजे तेवढ्या वेळा रबर मुडपतं. त्या मुडपण्यानं टायर आतून तापतो, वरून डांबर तापलेलं असतंच. रबर आणि आतली तार यांची पकड सुटते आणि साल निघावी तसा पट्टा सुटून येतो. रफिकच्या म्हणण्याप्रमाणे अशा टायरच्या आत हात फिरवला की काळा भुगा हाताला लागतो. तो दिसला की समजायचं, हा टायर कमी हवेवर पळालाय.

“आणि हवा वाढते तिचं काय?” व्यंकटनं हट्ट सोडला नाही.

“दर पाच-सहा डिग्रीला 1 पीएसआय वाढते. पळताना चार-पाच वाढणारच. कंपनीनं ते धरूनच आकडा लिहिलाय. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या खांबावर स्टिकर असतो. त्यावर दोन आकडे. एक दोन-तीन माणसांचा, दुसरा फुल सीट आणि सामानाचा. तू सासरच्यांना घेऊन गाणगापूरला जातोस तेव्हा दुसरा लागू. टायरच्या भिंतीवर जो मोठा आकडा असतो तो टायर जास्तीत जास्त किती सोसेल त्याचा, तेवढी हवा भरायची नाही. आणि मोजायची सकाळी, गाडी दोन-तीन किलोमीटरच्या आत पळालेली असताना. मोहोळपर्यंत पळवून मग पंपावर मोजली, चार जास्त दिसले आणि सोडले, की थंड झाल्यावर तू परत 29 वर.”

“नायट्रोजन टाकलंय मी,” बंडूशेठ.

“हवेत 78 टक्के नायट्रोजन असतोच शेठ. तुम्ही बाकीच्या 22 चे पैसे देताय.”

यावर सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. (नायट्रोजननं नुकसान काही नाही. पण ‘नायट्रोजन आहे, बघायला नको’ म्हणून सहा-सहा महिने गेज न लावणारे आहेत, ते वाईट.)

एसीवर फार वेळ गेला नाही. केबिन फिल्टर काढून झटका किंवा बदला, कंडेन्सरच्या जाळीतली धूळ मागून हलक्या पाण्यानं काढा. दरवर्षी गॅस भरावा लागत असेल तर गॅस संपत नाही, कुठंतरी गळतोय. आधी गळती शोधून घ्या.

इंजिन थंड ठेवणाऱ्या रेडिएटरमधल्या कूलंटवर मात्र बंडूशेठ पुन्हा सापडला. “मी बोअरचं टाकत नाही बरं का, बाटलीबंद टाकतो.”

“पिऊन टाका शेठ, रेडिएटरला देऊ नका.” बोअरच्या पाण्यानं बादलीला जो पांढरा थर चढतो तोच रेडिएटरच्या नळ्यांत चढतो. प्यायच्या बाटलीतही क्षार असतातच. बॅटरीत घालतात ते डीएम वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं, किंवा तयार मिसळलेला डबा. साधं पाणी शंभराला उकळतं. निम्मं-निम्मं मिश्रण झाकणाच्या दाबाखाली सव्वाशेच्या पुढंही टिकतं, शिवाय हेड आणि वॉटर पंप गंजत नाही. लेवल बघायची थंड इंजिनवर, बाटलीच्या मिन आणि मॅक्सच्या मध्ये. महिन्याला कमी व्हायला लागली तर वरून ओतत बसू नका, पाईप, पंप, हेड गॅस्केट तपासून घ्या.

“आणि इंजिनच्या तापमानाचा काटा वर गेला तर?”

“एसी बंद. हीटर फुल, पंखा फुल.”

“44 मध्ये हीटर? येडा हाय का बे?”

“हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच. घाम गाळा, इंजिन वाचवा. कडेला घ्या. काटा लालमध्ये गेला किंवा वाफ निघाली तर लगेच बंद करा. अर्धा तास तरी झाकणाला हात लावायचा नाही, उकळतं पाणी तोंडावर येतं. आणि तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतायचं नाही, हेडला तडा जातो.” काही मिस्त्री गाडी तापते म्हणून इंजिनचं तापमान सांभाळणारा थर्मोस्टॅटचा व्हॉल्व्हच काढून फेकतात, त्यांच्याबद्दल रफिकनं जे शब्द वापरले ते इथं लिहिता येत नाहीत.

मग विषय पोरांवर आला, कारण बंडूशेठ तेवढ्यात म्हणाला, “आमचा बारका पुढच्या सीटवर मांडीवरच बसतो. आजीच्या. घट्ट धरते.”

कोणी हसलं नाही. सरांनी खिशातलं पेन काढून बिलाच्या पाठीवर गणित मांडलं. ताशी 50 ची गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली तर 10 किलोचं पोर क्षणभर 140 किलोच्या जोरानं पुढं ओढलं जातं.

“सिमेंटची तीन पोती शेठ,” रफिक म्हणाला. “उद्या दुकानावर या. तीन पोती अचानक फेकतो, आजींना म्हणावं धरा.”

त्यात पुढं एअरबॅग. ती उघडते ती डोळ्याची पापणी लवायच्या आत, आणि मध्ये पोर. बारक्याला मागं, त्याच्या वजनाच्या चाइल्ड सीटवर बसवायचं. अगदी लहान असेल तर तोंड मागं करून, आणि तशी सीट एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या जागेवर कधीच नाही. मोठ्या पोराचा बेल्ट खांद्यावरून आणि कमरेच्या हाडावरून गेला पाहिजे. मानेवर किंवा पोटावर येत असेल तर बूस्टर लागतो. 14 वर्षांखालचं मूल बेल्टशिवाय असेल तर 194ब खाली 1000 रुपये दंडही आहे.

“मागं बसून बेल्ट कोण लावतंय?” व्यंकट पुटपुटला.

“सायरस मिस्त्री मागंच बसले होते,” सर म्हणाले. सप्टेंबर 2022 मध्ये हे उद्योगपती गाडीच्या अपघातात गेले, बेल्ट लावलेला नव्हता. पुढं कोणी काही बोललं नाही.

बंडूशेठच्या गाडीत बेल्टचं बीप बंद करायची चकती खोचलेली निघाली. 2023 मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑनलाइन कंपन्यांना ती विकणं थांबवायला लावलं होतं, हे सरांनी सांगेपर्यंत रफिकनं ती उपटून गटारीत टाकली होती. “अरे दीडशेची हाय ती!”

तेवढ्यावर न थांबता रफिकनं खिशातला गेज काढला. “डिकी उघडा. स्टेपनी बघू.”

डिकीतून आधी दोन चादरींचे गठ्ठे, एक फुटकी छत्री आणि अक्कलकोटच्या प्रसादाची पिशवी बाहेर आली. मग स्टेपनी. गेज: 9. “ही स्टेपनी नाही शेठ, उशी आहे.” जॅक नव्हताच. तो घरी पाण्याच्या टाकीखाली टेकू दिलाय म्हणे.

टायर बिनवापराचा, नक्षी कोरी करकरीत. “बघ की, नवाच हाय,” बंडूशेठ जरा सावरला. रफिकनं मोबाईलचा टॉर्च मारला आणि भिंतीवरच्या लंबगोल चौकटीतले चार आकडे अंगठ्यानं पुसले. 2216.

“नक्षीवर जाऊ नका, रबर उन्हानं नुसतं पडूनही मरतं. पाच वर्षं झाली की दरवर्षी टायर तपासायचा, दहा झाली की नक्षी कितीही असो, काढायचा. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन साल. 2016 चा बाविसावा आठवडा.” रफिक थांबला. “शेठ, गाडी 19 चं मॉडेल ना तुमची?”

“डीलरकडं... टायर पडून असतात की.”

“तीन वर्षं?”

व्यंकट उठून पुढच्या काचेच्या कोपऱ्यात टॉर्च मारून आला. “काचेवर पण 16 च हाय बे!”

“काच बदललीय!”

“मागची पण?”

सर आता टपरीच्या खांबाला धरून उभे होते. नवीन गाडी घेतली म्हणून याच कट्ट्यावर आरती, नारळ, लिंबू, दीड किलो पेढे झाले होते आणि ‘शोरूमवरून थेट इकडं आणली’ हे बंडूशेठनं प्रत्येकाला वेगवेगळं सांगितलं होतं.

“एवढं सांग शेठ,” रफिक गेज खिशात घालत म्हणाला, “पेढे तरी ताजे होते का?”