गोदाकाठचा सिंह आणि एक स्विमिंग पूल

सर,

फ्रेंच दिग्दर्शक फ्रांस्वा ओझोंच्या २००३ सालच्या 'स्विमिंग पूल' या सिनेमावर मी लिहिलं, त्यावर तुमचे आक्षेप दोन. मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलेल्या लातूरकराला पोहण्याच्या तलावाशेजारी बसून लिखाण अडलेल्या बाईचं काय सोयरसुतक? आणि हा कलेच्या नावाखाली निव्वळ चावटपणा आहे, संतांच्या भूमीत शोभत नाही.

पहिल्यावर भांडत नाही. २०१६चा तो दुष्काळी उन्हाळा मीही इथंच, लातुरात काढलाय.

पण त्या बाईचं, म्हणजे लेखिका साराचं, लिखाण तसं अडलेलं नाही. तिच्या डिटेक्टिव्ह कादंबऱ्या खपतात, पुढचीही ती पाडू शकेल. तिला वीट आलाय. प्रकाशक तिला फ्रान्समधल्या आपल्या घरी धाडतो. तिथं ती दही खाऊन लॅपटॉपपुढं बसते. मग त्याची मुलगी म्हणवणारी ज्यूली टपकते आणि रात्री नवनवे पुरुष घरी आणते. सारा आधी चिडते, मग चोरून बघते, ज्यूलीचं खाणं गुपचूप खाते, तिची डायरी वाचते. आणि ज्यूलीच्या नावानं नवी फाईल उघडते. आधी खाण्याची भूक परतली, मग लिहिण्याची. मला तरी सगळा सिनेमा या क्रमात दिसतो.

आता चावटपणा. (न पाहिलेल्यांनी हा परिच्छेद सोडावा.) शेवटी प्रकाशकाच्या ऑफिसात त्याची खरी मुलगी येते, ती भलतीच पोरगी निघते. म्हणजे आपण पाहिली ती ज्यूली बहुधा साराच्या फाईलमधलीच. तिच्या अंगावरून फिरणारी नजरही मग साराचीच की हो!

आणि संतांच्या आधीही गोदावरी वाहत होतीच. गाथासप्तशती हा प्राकृत गाथांचा संग्रह आपल्या पैठणच्या सातवाहन राजा हालाच्या नावावर आहे. तीत एक बाई धर्मपरायण माणसाला सांगते, बाबा, आता निर्धास्त फिर, ते कुत्रं मेलं. गोदाकाठच्या जाळीतल्या सिंहानं मारलं. सिंह कुठला आलाय? ती जाळी तिच्या प्रियकराला भेटायची जागा आहे, तिथं हा नको. तिनं सिंह रचला, सारानं ज्यूली. काश्मीरच्या आनंदवर्धन या काव्यशास्त्रकाराला नवव्या शतकात या गाथेत चावटपणा दिसला नाही, ध्वनी दिसला, म्हणजे शब्दांत न सांगता सुचवलेला अर्थ.

सिनेमात पुढं एक खून होतो, तो भाग मलाही ओढूनताणून आणलेला वाटतो. पण त्यानंतर म्हाताऱ्या माळ्याचं लक्ष वळवायला सारा स्वतःचं अंग उघडं करते, त्यावर तुमच्या प्रतिक्रियेत अक्षर नाही. सगळा राग तरुण ज्यूलीवर. पन्नाशी ओलांडलेल्या बाईच्या इच्छेबद्दल तुमचं काय म्हणणं आहे, ते लिहा. वाट बघतो.