कोर्टाची नोटीस आली तर जाऊ नका? कुणी सांगितलं हे?

मागच्या आठवड्यात रात्री साडेअकराला सांगलीहून आत्याचा फोन आला. "अगं, तो कोर्टात जाणार नाही म्हणतोय, आणि मलाही बरोबरच वाटतंय, आपल्या ग्रुपवर आलंय ना तसं." तो म्हणजे तिचा नातू, माझा भाचा, डॅलसला असतो. नोकरी गेली, त्यानंतर देशात राहायला मिळणाऱ्या साठ दिवसांच्या मुदतीत एका कन्सल्टंटकडून व्हिजिटर स्टेटसचा अर्ज टाकला, तो नामंजूर झाला आणि आता घरी एनटीए आलीय, म्हणजे इमिग्रेशन कोर्टात हजर राहा अशी नोटीस. आणि ग्रुपवरचा मेसेज म्हणजे तो "अमेरिकेतल्या आपल्या मुलांसाठी, जरूर पुढे पाठवा" वाला. मी तो चार ग्रुपवर बघून सोडून दिला होता, पण आता आमच्याच घरात एक पोरगं त्याच्या भरवशावर बसलंय.

मेसेज काय म्हणतो ते थोडक्यात: वकील लागत नाही, ओळखीचा कन्सल्टंट नाहीतर नोटरी फॉर्म भरून देतो. कोर्टाची नोटीस आली तर जाऊ नका, तिथेच पकडतात, सरळ पत्ता बदला. वकील लागलाच तर सरकार फुकट देतं. वकील आपल्याच राज्यातला लागतो. आणि ग्रीन कार्डवाल्यांना कसलीच भीती नाही.

आधी कोर्टाचं, कारण बाकीच्या चुका एकवेळ निस्तरता येतील, ही येत नाही. तारखेला गेला नाहीत की जज तुमच्या गैरहजेरीत डिपोर्टेशनची, म्हणजे देशाबाहेर काढायची, ऑर्डर काढतो. नोटीस नीट दिली होती आणि केस बनते एवढं सरकारी वकिलाने दाखवलं की पुरतं, तुमची बाजू कुणी ऐकतच नाही कारण तुम्ही तिथे नाही. त्यानंतर अमेरिकेत राहण्यासाठीचे बरेचसे मार्ग १० वर्षं बंद होऊ शकतात, आणि देश सोडून गेलात तरी पुढची निदान ५ वर्षं, बऱ्याचदा १०, परत यायला अडचण. केस पुन्हा उघडायला मागता येते, पण नोटीस मिळालीच नव्हती असं नसेल तर गंभीर आजारपणासारखं कारण लागतं, तेही १८० दिवसांच्या आत. मेसेज वाचून घाबरलो हे त्यात बसत नाही!

आणि "पत्ता बदला" म्हणजे काय? पत्ता बदलला तर यूएससीआयएसला (इमिग्रेशनचे अर्ज बघणारं सरकारी खातं) १० दिवसांत कळवायचं आणि कोर्टाला वेगळ्या फॉर्मवर ५ दिवसांत, एकाला कळवलं म्हणून दुसऱ्याला कळत नाही. न कळवता घर बदललं तर नोटीस जुन्या पत्त्यावर जाते आणि ती तुम्हाला मिळाली असंच धरलं जाऊ शकतं.

मी भाच्याला म्हटलं त्या कागदाचा फोटो पाठव. ए अक्षराने सुरू होणारा नंबर होता, तो कोर्टाच्या ऑटोमेटेड सिस्टिममध्ये टाकला (साइटवर होतं, नाहीतर १-८००-८९८-७१८० ला फोन करायचा). कागदावर एक तारीख आणि सिस्टिममध्ये तीन आठवडे अलीकडची! तो जाणार नव्हताच, पण गेला असता तरी उशिरा पोचला असता. ज्यांच्याकडे अशी नोटीस आहे त्यांनी आज बघा आणि दर आठवड्याला बघत राहा.

आता एक मान्य करावंच लागेल, मनात नसलं तरी. "तिथेच पकडतात" हे अगदी हवेतलं नाहीये. २०२५ च्या मे महिन्यापासून इमिग्रेशन कोर्टांच्या कॉरिडॉरमध्ये आइसने, म्हणजे लोकांना धरून डिपोर्ट करणाऱ्या सरकारी खात्याने, लोकांना धरलंय, न्यूयॉर्कच्या २६ फेडरल प्लाझा या कोर्टाच्या इमारतीचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. भीती खरी आहे, पण तिच्यावर घरी बसणं हा उपाय नाही कारण मग ऑर्डर नक्कीच निघते आणि ती घेऊन आइस घरी किंवा कामावर येऊ शकतं. तारखेच्या आधी वकील गाठायचा, त्याला विचारायचं की व्हिडिओवर हजर राहायचा अर्ज करता येईल का, देणं न देणं जजच्या हातात असतं पण मागता तरी येतं.

फुकट वकील. क्रिमिनल केसमध्ये मिळतो तसा इथे मिळत नाही, कायद्यात स्पष्ट लिहिलंय की वकील करायचा हक्क आहे पण सरकारच्या खर्चाने नाही. न्यूयॉर्कमध्ये डिटेन्शनमधल्या (इमिग्रेशनच्या कोठडीतल्या) लोकांसाठी २०१३ पासून सार्वजनिक पैशातून वकील देतात, काही ठिकाणी तसे कार्यक्रम आहेत, मेसेजवाल्याने बहुतेक तेच ऐकून सगळ्या देशाला लावलं. इन्ग्रिड ईगली आणि स्टीव्हन शेफर यांनी २०१५ साली बारा लाखांवर केसेस तपासून अभ्यास छापला, त्यात वकील असलेले लोक फक्त ३७ टक्के, आणि डिटेन्शनमध्ये होते त्यांच्यातले १४ टक्के. सरकार देत असतं तर हा आकडा असा असता का? आणि त्याच अभ्यासात वकील असलेल्यांच्या केसेस जिंकायचं प्रमाण कितीतरी जास्त निघालं. पहिल्या सुनावणीला जजकडे वकील शोधायला वेळ मागता येतो, बहुतेक वेळा मिळतो, पण त्यासाठी तिथे हजर असावं लागतं.

कन्सल्टंटबद्दल काय बोलू. भाच्याच्या अर्जाची कॉपी मागवली, शेवटी फॉर्म कुणी तयार केला त्याचं नाव आणि सही करायची जागा असते, ती कोरी. पैसे घेतले, सही नाही, म्हणजे कागदोपत्री सगळं पोराने स्वतःच केलेलं. अमेरिकेतला नोटरी फक्त सही पाहून शिक्का मारतो, तो वकील नसतो, त्याला सल्ला द्यायचा अधिकार नाही. फॉर्म मात्र स्वतः भरता येतात हे खरं आहे, साधा सरळ सिटिझनशिपचा अर्ज कितीतरी लोक स्वतः भरतात. पण कधी अटक झाली असेल, केस डिसमिस झालेली असली तरीही, किंवा सलग सहा महिन्यांहून जास्त भारतात राहिला असाल तर आधी वकिलाला दाखवा, फिंगरप्रिंटवरून जुनं सगळं ऑफिसरसमोर येतं.

ग्रीन कार्डवाल्यांनी पडिया विरुद्ध केंटकी हा २०१० चा सुप्रीम कोर्टाचा निकाल बघावा. ४० वर्षं ग्रीन कार्डवर, व्हिएतनाममध्ये अमेरिकेसाठी लढलेला माणूस, वकील म्हणाला काळजी नको म्हणून त्याने गांजाच्या केसमध्ये गुन्हा कबूल केला आणि डिपोर्टेशन मागे लागलं.

राहिलं राज्याचं. इमिग्रेशन कायदा फेडरल आहे, म्हणजे सगळ्या देशाला एकच, कुठल्याही राज्याचं लायसन्स असलेला वकील चालतो, व्हिसाचं काम लांबूनही होतं. डिपोर्टेशनला मात्र त्याच कोर्टात रोज उभा राहणारा वकील मी शोधेन. वकिलाचं नाव त्याला लायसन्स देणाऱ्या राज्याच्या बारच्या (वकिलांच्या संस्थेच्या) साइटवर टाकून बघा, लायसन्स चालू आहे का, कारवाई झालीय का. फी लेखी घ्या. जो "शंभर टक्के गॅरंटी" म्हणेल त्याच्याकडे पैसे देऊ नका. पैसे नसतील तर मान्यताप्राप्त संस्थांमध्ये जस्टिस डिपार्टमेंटने मान्यता दिलेले प्रतिनिधी असतात, ते वकील नसले तरी चालतात, पण कोर्टात उभं राहायची परवानगी आहे का ते विचारा, सगळ्यांना नसते.

भाच्याने परवा डॅलसमधल्या एका वकीलबाईंना कागद दाखवले, तारखेला त्या बरोबर जाणार आहेत. आत्या, तू तो मेसेज ज्या ज्या ग्रुपवर टाकलास तिथे आज हेही टाक.