बरणीतला साल्सा, पाट्यावरचा साल्सा

पुण्यात 'साल्सा' शोधायला निघालात तर आधी नाचाचे क्लास सापडतात. खायचा साल्सा, म्हणजे मेक्सिकन टोमॅटो-मिरचीची चटणी, त्याच्या बराच खाली. गेली चार वर्षं मी हा खायचा शोधतोय आणि जेवताना त्यावर इतकं बोलतोय, की परवा बायको म्हणाली, "हे सगळं मला नको, फेसबुकवर लिही." तर लिहितो.

ही खोड लागली ह्यूस्टनमध्ये. कंपनीच्या कामासाठी दोन वर्षं होतो. शेजारी मेक्सिकोतल्या प्वेब्लाकडच्या एक आजी राहायच्या. त्यांच्या ओट्यावर तीन पायांचा काळा दगडी खल असायचा, त्याला म्हणतात मोल्काहेते. तेल न घालता तव्यावर टोमॅटो, मिरच्या आणि सालासकट लसूण काळे डाग पडेपर्यंत भाजायच्या. मग खलात आधी लसूण-मीठ, त्यावर मिरची, टोमॅटो सगळ्यात शेवटी, आणि तोही अर्धवटच ठेचायचा. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मला स्पॅनिश. मी नुसता दारात उभा राहून बघायचो आणि वाटी घेऊन घरी यायचो.

स्पॅनिशमध्ये साल्सा म्हणजे नुसता सॉस. आपण 'चटणी' म्हणतो तसं. कसली ते पुढे विचारायचं. भाजून वाटलेला लाल असतो, तोमातियो नावाच्या हिरव्या, टोमॅटोसारख्या फळाचा हिरवा असतो, काहीच न शिजवता बारीक चिरलेला पिको दे गायो असतो. पुण्यातल्या मेनूकार्डांना हे मान्य नाही. तिथे साल्सा एकच, लालभडक, आणि तो गोड असतो.

हो, गोड. शहराच्या पूर्वेकडच्या एका झगमगीत हॉटेलात मी वेटरला विचारलं, "यात केचप आहे का हो?" तो आत जाऊन विचारून आला. म्हणाला, "थोडंच आहे सर." प्रामाणिक माणूस. बिल मात्र थोडंच नव्हतं.

हॉटेलसाठी माझी परीक्षा सोपी आहे. वाटीतला कांदा दाताखाली कुरकुरला तर आजचा, लिबलिबीत लागला तर कालचा. ज्या छोट्या जागांमध्ये काउंटरवर समोर टोमॅटो-कांदा चिरतात, तिथे दुपारी बाराच्या सुमारास गेलं तर बरा मिळतो. रात्री दहाला त्याच वाटीत पाणी सुटलेलं असतं.

आता बरण्या. सुपरमार्केटमधल्या देशी-परदेशी मिळून सात-आठ तरी आणून झाल्या. सुरुवातीला चिडायचो, आता चिडत नाही, कारण त्यात कंपनीचा दोष कमी आणि बरणीचा जास्त. फ्रिजबाहेर महिनोन्‌महिने टिकायचं तर आंबटपणा वाढवावा लागतो, पीएच (आंबटपणाचं माप, जितकं कमी तितकं आंबट) ४.६च्या खाली न्यावा लागतो, वर उष्णता द्यावी लागते. म्हणजे व्हिनेगर आलं आणि शिजवणं आलं. यात पहिला बळी कोथिंबिरीचा, दुसरा कांद्याच्या कुरकुरीतपणाचा. जे उरतं ते वाईट नसतं, फक्त वेगळं असतं. कैरीच्या लोणच्यात कैरीची डाळ शोधू नये. अमेरिकेत १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला साल्साची विक्री पैशांच्या हिशेबात केचपच्या पुढे गेली, ती बरण्यांच्याच जोरावर. म्हणजे खाणारे आहेत.

बरणी घ्यायचीच असेल तर उलटी करून घटकांची यादी वाचा. वजनाने जे जास्त ते आधी लिहिलेलं असतं. टोमॅटोच्या पाठोपाठ साखर दिसली तर जागेवर ठेवून द्या. आणि घरी आणल्यावर तशीच वाढू नका. बारीक कांदा, मूठभर कोथिंबीर, अर्धं लिंबू. निम्मी बरणी तरी सुधारते.

राहिलं घर. पहिल्यांदा मिक्सरमध्ये केला. हवा भरून फिकट गुलाबी फेस झाला, मुलीने विचारलं, "बाबा, स्ट्रॉबेरी?" नंतर कळलं की आपल्याकडे नारायणगावहून क्रेटमधून येणारा तो टणक, जाड सालीचा टोमॅटो, ज्याला आपण रोज नावं ठेवतो, भाजायला उत्तम आहे. गर जास्त, पाणी कमी. पातळ सालीचा रसाळ गावठी टोमॅटो तव्यावर लगेच फुटून पाणी पाणी करतो. चिरून करायचा असेल तर बिया काढा, मीठ अगदी शेवटी. २०२३च्या जुलैत टोमॅटो शंभरीपार गेला होता तेव्हा मी पाहुण्यांना साल्सा वाढला होता. इतका श्रीमंत मी पुन्हा कधी दिसलो नाही.

मिरचीत लोक चुकतात. हालापेन्यो जाड सालीची आणि बेताची तिखट असते. तिच्या जागी लवंगी घातली तर चव लागायच्या आत डोळ्यांत पाणी. मंडईत कधी हालापेन्यो मिळते, नाही तर मी पोपटी, जाडसर, कमी तिखट मिरची घेतो. लिंबाची मात्र काळजी नको. मेक्सिकोतलं लिंबू आणि आपलं कागदी लिंबू एकाच जातीचं. तोमातियो मला इथे मिळालेला नाही. रसभरीच्या नात्यातलाच आहे, तसाच कागदी आवरणातला. कच्चा हिरवा टोमॅटो भाजून काम चालवतो, पण ते चालवणंच.

आईने पहिल्यांदा चाखून निकाल दिला, "अरे, हा तर टोमॅटोचा ठेचा. यात दाण्याचं कूट घाल आणि वरून हिंगाची फोडणी दे." दिली. छान लागलं, पण साल्सा राहिला नाही. "हे सगळं आपल्याकडे होतंच" म्हणणाऱ्यांशी माझं इथेच वाजतं. टोमॅटो आणि मिरची दोन्ही तिकडून आली, कांदा, कोथिंबीर, लिंबू इकडच्या जगातून तिकडे गेले. वाटीत अर्धे पाहुणे दोन्हीकडे आहेत. साल्साला फोडणी लागत नाही, एवढं मान्य करायला काय हरकत आहे?

पण आईने एक गोष्ट बरोबर ओळखली. माळ्यावरचा पाटा-वरवंटा खाली काढायला लावला. मोल्काहेते ज्वालामुखीच्या काळ्या दगडाचा, बसाल्टचा. आपला पाटाही त्याच दगडाचा. त्यावर रगडलेल्या टोमॅटोला पाणी सुटत नाही, साल अर्धवट तुटते, मिरचीचं बी दाताखाली येतं. ह्यूस्टनच्या त्या वाटीच्या सगळ्यात जवळ मी तेव्हा पोचलो. चिप्सचा पुडा फोडलाच नाही, ज्वारीची कडक भाकरी मोडून खाल्ली.

अडचण आता एकच. पाटा वीस वर्षं पडून होता आणि त्याआधी आईने वापरून वापरून गुळगुळीत केलेला. लसूण नुसता घसरतो. पूर्वी पाटा छिन्नीने ठोकून पुन्हा खडबडीत करून देणारे 'पाट्याला टाकीऽऽ' अशी आरोळी देत गल्लीत यायचे, आमच्या सोसायटीत वॉचमन आत सोडणार नाही अशी भीती वाटते. कोथरूड-कर्वेनगर भागात टाकी लावून देणारं कोणी माहीत असेल तर खाली लिहा. वॉचमनशी मी बोलतो.