तयार घर घेताय? आधी पालिकेत चक्कर मारा, मग ॲडव्हान्स द्या

परवा परत एकाने इनबॉक्सला विचारलं, भाऊ ते तुमचं फॅक्टरीतून आणलेलं घर कितीत पडलं आणि परवानगी लागते का हो, म्हणून एकदाचं सगळं लिहूनच टाकतो. आमचं झालं उभं, वास्तुशांती पण झाली, आप्पांना मात्र अजून पटलेलं नाही. पहिल्याच दिवशी भिंतीवर बोटाने टकटक करून म्हणाले, "हाई घर शे का पेटी शे रे भाऊ?"

पहिले परवानगीचं. सेल्सवाला आम्हाला म्हणाला, नटबोल्टचं घर आहे, जमिनीला पक्कं नाही, परवानगी कशाला पाहिजे, आणि तसंही 1500 फुटापर्यंत सरकारने परवानगी काढूनच टाकलीये. हे अर्धवट खरं आहे म्हणून जास्त फसवं आहे. डिसेंबर 2020 मध्ये मुंबई वगैरे सोडून राज्यभर नवीन बांधकाम नियमावली आली, युडीसीपीआर म्हणतात ती, त्यात 150 चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला आर्किटेक्ट किंवा लायसन्सवाल्या इंजिनिअरचा नियमात बसणारा नकाशा द्यायचा, पैसे भरायचे आणि ती पावती म्हणजेच परवानगी. म्हणजे नकाशा आला, फी आली, मार्जिन म्हणजे घराभोवती मोकळी जागा सोडणं आलं, मग सुटलं काय? 150 ते 300 मीटरला 10 दिवसांत परवानगी. आणि नटबोल्टचं म्हणाल तर 1966 चा एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्राचा नगररचनेचा कायदा, भिंत विटेची आहे का पत्र्याची ते बघत नाही, जमिनीवर बांधकाम उभं केलं की परवानगी लागते, नाही घेतली तर कलम 53 ची नोटीस येते, वरून घरपट्टीला शास्ती म्हणजे दंड लागतो तो वेगळा.

आमचा प्लॉट 185 मीटरचा, हद्दवाढीत पालिकेत आलेल्या लेआउटमधला (पालिकेचं नाव लिहीत नाही, अजून कागद अडकलेत तिथे). 10 दिवसांचे अडीच महिने झाले. सातबाऱ्यावर काकांचं नाव राहून गेलेलं, क प्रत म्हणजे सरकारी मोजणीचा नकाशा जुना, ते आमचंच दुखणं. पण खरा घोळ फॉर्मवर झाला. बांधकामाचा प्रकार, आरसीसी का लोड बेअरिंग (भार भिंतींवर असतो ते), बास, तिसरा रकानाच नाही. आता 2016 च्या नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये प्रीफॅबचं, म्हणजे असल्या फॅक्टरीत बनवून जोडायच्या बांधकामाचं अख्खं प्रकरण आहे, 2021 ला केंद्र सरकारने नव्या पद्धतीने झटपट घरं बांधायचे लाइट हाऊस प्रोजेक्ट चालू केले त्यातलं इंदूरचं 1024 घरांचं काम असल्याच सँडविच पॅनलचं (दोन पातळ थरांमध्ये हलकं भरण असलेल्या) आहे, इंदूर म्हणजे आपल्या मुंबई-आग्रा रोडने सरळ वर, आणि इकडे टेबलावरचा माणूस मला विचारतो की हे शेडमध्ये टाकू का?

पण त्याच ऑफिसातल्या ज्युनिअर इंजिनिअरने एक प्रश्न असा विचारला की मी गप्प झालो. म्हणाला, भाऊ, फाउंडेशनचं ड्रॉइंग कोणत्या जमिनीचं आहे? कंपनीने सगळ्या गिऱ्हाइकांना एकच ड्रॉइंग दिलेलं, मुरमाड जमीन धरून. आपली काळी माती पावसात फुगते आणि एप्रिल-मे मध्ये हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि घर जेवढं हलकं तेवढं ती माती त्याला जास्त उचलते, जड घर निदान दाबून तरी बसतं. मला तेव्हा राग आला होता, आता वाटतं त्याने वाचवलं. मुरूम लागेपर्यंत खोदलं, भरणी केली, स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून नवीन ड्रॉइंग करून घेतलं. आणि कोटेशन नीट वाचा बरं का, फाउंडेशन 'कस्टमर स्कोप' म्हणजे आपल्या खिशातून, 18 टक्के जीएसटी पण शेवटच्या पानावर बारीक अक्षरात.

कंटेनरचं घर पण बघितलं होतं, स्वस्त वाटलं. राहायच्या खोलीची उंची नियमात 2.75 मीटर पाहिजे, आणि उंचातला उंच हाय क्यूब कंटेनर आतून 2.69 च्या आसपास, त्यात आपल्या 45 डिग्रीला इन्सुलेशन न लावून चालणारच नाही म्हणजे अजून कमी. तिथेच विषय संपला.

मग कंपनी म्हणाली तयार रूमच आणून ठेवतो, क्रेनने दोन तासांत. रूम 10 फूट रुंद, साध्या गाडीला परवानगी 2.6 मीटर म्हणजे साडेआठ फुटाची, म्हणजे त्याची वेगळी परवानगी. फॅक्टरी संभाजीनगरकडची, कन्नड-चाळीसगावच्या मधल्या औट्रम घाटात 2023 पासून कोर्टाच्या आदेशाने जड वाहनं बंद, म्हणजे नांदगावकडून वळसा, आणि एवढं करून आमच्या गल्लीच्या तोंडाशी लाइटच्या तारा अशा लोंबतात की उसाची ट्रॉली पण वाकून जाते. शेवटी सुटे पॅनल आणि फ्रेम मागवली, जागेवर जोडली, नऊ दिवस लागले, चालतंय.

माझं म्हणणं एवढंच की ऑर्डरचा क्रम उलटा करू नका. आधी परवानगी, मग जोतं, जोत्याची तपासणी झाली की मगच फॅक्टरीला सांगा की कापायला घ्या. आमच्या शेजारच्या लेआउटमधल्या एकाने आधी 50 टक्के भरले, त्याचा माल तयार, परवानगी नाही, आता कंपनी महिन्याचं भाडं मागतेय ठेवायचं. आणि फ्रेमला जोत्याशी धरून ठेवणारे अँकर बोल्ट कंपनीच्याच टेम्प्लेटने (साच्याने) बसवा, आपला गवंडी भारी माणूस आहे पण त्याच्या "काही होत नाही हो" मध्ये अर्धा इंच सहज जातो आणि फ्रेमला तेवढं पण चालत नाही.

भोगवटा प्रमाणपत्र अजून यायचंय. मागच्या आठवड्यात घरपट्टीवाला मोजायला आला, तो पण गोंधळला, आरसीसीचा दर लावू का पत्र्याचा? मी काही बोलायच्या आत आप्पा खाटेवरून उठून बसले, "हाई ते पेटी शे भाऊ, पेटीनीच पट्टी लाव."