चार मिलिग्रॅमचा खजिनदार

रविवारी सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत मला डुलकी लागली आणि जाग आली तेव्हा मी खजिनदार होतो. पाच वर्षांसाठी. मी मान डोलावली म्हणे. अहो, ती पेंगेने पडत होती!

सकाळपासून शिंका थांबेनात, म्हणून मेडिकलवाल्याने क्लोरफेनिरामिनची ४ मिलिग्रॅमची इवलीशी गोळी दिली होती. 'थोडी सुस्ती येईल' हे तो सुटे पैसे मोजता मोजता पुटपुटला.

हे गाऱ्हाणं मी सी विंगच्या काकांपुढे मांडलं, ही दुसरी चूक. काका औषध कंपनीत एमआर होते. निवृत्त झाले, बॅग सुटली, सवय सुटली नाही. डावा तळहात फोल्डरसारखा आपल्या नाकासमोर धरतात आणि पेनाने त्यावरच्या न दिसणाऱ्या आकृत्या दाखवतात.

"डॉक्टर," ते म्हणाले. (मला. ते दूधवाल्यालाही डॉक्टर म्हणतात.) "गोळीला बोल लावू नका. रक्त-मेंदू अडसर माहितीये?"

"काका, लिफ्टच्या बिलांची फाईल..."

"मेंदूतल्या केशवाहिन्या! बाकी अंगात भिंतीला फटी असतात, इथे पेशीला पेशी घट्ट शिवलेली, रक्तातलं वाटेल ते मेंदूत शिरू नये म्हणून. सगळ्या वाहिन्या टोकाला टोक जोडा, सहाएकशे किलोमीटर भरतील. मुंबईहून गोव्याला पोचाल. आणि एकही खड्डा नाही, डॉक्टर!"

"मग गोळी शिरली कशी?"

"लहान चणीची, वर स्निग्धात विरघळणारी. भिंतीतूनच झिरपते. आत हिस्टामिन तुम्हाला जागं ठेवत असतं, त्याच्या खुर्चीवर ही जाऊन बसली. तुम्ही फेक्सोफेनाडिन घ्यायची, तीही शिंकांचीच गोळी. ती शिरू बघते, पण तिथे पंप असतो, पी-ग्लायकोप्रोटीन. धरलं बखोट, काढलं बाहेर!" हे दाखवायला त्यांनी माझंच बखोट धरलं. जिन्यात. सातआठ लोकांसमोर.

"आणि दारू?"

"सरळ आत."

"चहातलं कॅफिन?"

"सरळ आत."

"सिगारेट?"

"निकोटिन? सरळ."

"मग अडसर कसला डोंबलाचा?"

काका दुखावले. मी जणू त्यांच्या कंपनीच्या मालाला नाव ठेवलं होतं.

रात्री हिशेबाच्या वह्या उघडल्या आणि झोप उडाली. दुपारी हवी होती तेव्हा नाही उडाली. मग काकांच्या त्या अडसराचं मूळ शोधायला एर्लिख वाचत बसलो. या जर्मन माणसाने १८८५ च्या सुमारास प्राण्यांच्या रक्तात रंग सोडले. सगळे अवयव रंगले, मेंदू कोरा. रंगपंचमीला दार लावून बसणारा एक शेजारी प्रत्येक इमारतीत असतो, तसा. एर्लिखला वाटलं, मेंदू रंगच धरत नसेल. १९१३ मध्ये त्याच्या शिष्याने, गोल्डमानने, रंग थेट मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडला. मेंदू निळाजर्द, बाकी अंग स्वच्छ. म्हणजे रंगाशी वैर नव्हतं, वाटेत कुणीतरी उभं होतं.

ते कोण, हे माझ्या आत्याला विचारा. तिला पार्किन्सन आहे. मेंदूत डोपामिन कमी पडतं, पण वरून डोपामिन देऊन उपयोग नाही, त्याला आत घेत नाहीत. म्हणून लेव्होडोपा द्यायचं, ते अमिनो आम्लांच्या दाराने शिरतं. वाटेतच त्याचं डोपामिन होऊ नये म्हणून सोबतीला कार्बिडोपा. त्यातही आधी उसळ-आमटी झाली असेल तर त्यातली अमिनो आम्लं त्याच दारात रांग लावतात आणि गोळी ताटकळते. आत्या ताट झाकून घड्याळाकडे बघत बसते. मांडीवर एका हाताने दुसरा दाबून. तिच्या औषधाला एवढी सोंगंढोंगं, आणि सर्दीची चार मिलिग्रॅमची फालतू गोळी न विचारता थेट सोफ्यावर! संताप येतो, दुसरं काय.

असो. पहाटे सभेचं इतिवृत्त सापडलं. खजिनदारपदासाठी माझ्या नावाला अनुमोदन: सी विंगचे काका. थकबाकीच्या यादीतही तेच पहिले. अकरा महिने.