मुलांनी भरलेला तक्ता कचऱ्यात जात नाही, तो फॉरवर्ड पुढे पाठवू नका

गेल्या आठवड्यात बहिणीचा मेसेज आला, "दादा, हे वाच, हे आल्यापासून मी पोरीला झाडाच्या नोंदी करायला पाठवणं बंद केलंय." खाली तो लांबलचक फॉरवर्ड. पालकांच्या ग्रुपवर फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. म्हणणं असं की शाळेतल्या मुलांकडून झाडांच्या-पक्ष्यांच्या नोंदी करून घेतात तो डेटा चुकांनी भरलेला असतो, शास्त्रज्ञ तो फेकून देतात, हे काम तज्ज्ञांचं आहे, आता उपग्रहातून सगळं दिसतं, अभ्यास बुडतो, मुलांना फुकट राबवून घेतात. आणि शेवटी सल्ला, की दर आठवड्याला जायची काही गरज नाही, महिनाअखेरीस बसून तक्ता अंदाजाने भरून द्या, कोण तपासतंय!

या शेवटच्या सल्ल्यानेच माझं डोकं फिरलं, म्हणून सुरुवात त्याच्यापासूनच करतो.

माझी भाची चौथीत आहे. दीड वर्षापासून दर शनिवारी एकाच बहाव्यासमोर उभी राहते आणि वहीत लिहिते. कोवळी पानं, कळ्या, फुलं, शेंगा असे रकाने, आणि प्रत्येकात 'नाही', 'थोडी' किंवा 'भरपूर'. पानंच्या पानं नुसत्या 'नाही'ने भरलीत. बहिणीला वाटलं यात काय आहे. अहो, त्या 'नाही'तच तर सगळं आहे! पहिली कळी १२ तारखेला दिसली एवढंच लिहिलं तर ती १२ ला आली की आधीच पंधरा दिवस येऊन बसली होती हे कसं कळणार? ५ तारखेसमोर 'नाही' असेल तरच सांगता येतं की कळी त्या सात दिवसांत आली. आणि अंदाजाने भरणारा माणूस काय लिहितो, तर डोक्यात आधीपासून पक्कं बसलेलं असतं तेच. बहावा उन्हाळ्यात फुलतो ना, मग टाक एप्रिलमध्ये 'भरपूर'. झाडांची फुलायची वेळ वर्षागणिक सरकतेय का, हेच तर शोधायचंय, आणि हा माणूस घरी बसून ती सरकलीच नाही असं लिहून देतो. चुकलेला आठवडा रिकामा सोडला तर ती साधी गैरहजेरी, हिशोबात धरता येते. खोटा भरलेला रकाना मात्र खऱ्यासारखाच दिसतो, दहा वर्षांनी तो कोण वेगळा काढणार?

आता 'मुलांचा डेटा म्हणजे कचरा'. हे कुणी तपासलंच नाही असं नाहीये. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर, न्यू जर्सीपासून मेनपर्यंत ५२ ठिकाणी जवळपास हजार स्वयंसेवकांनी खेकडे मोजले, कुठला मूळचा तिथला आणि कुठला बाहेरून येऊन पसरलेला, आणि त्यांची ओळख किती बरोबर येते तेही तपासलं गेलं. २००८ मध्ये तो पेपर आला. तिसरीतली मुलं ८० टक्क्यांच्या वर बरोबर, सातवीतली ९५ च्या वर. खेकडा नर की मादी हे ओळखणं मात्र अवघड गेलं, तिथे ९५ टक्क्यांच्या वर गेले ते कॉलेजची निदान दोन वर्षं झालेले लोक. म्हणजे वयाला झेपेल तोच प्रश्न मुलांना द्यायचा, एवढं साधं आहे. भाचीला कुणी पानावरच्या किडीची प्रजाती विचारत नाही, कळी आहे का नाही एवढंच विचारतात, आणि ते तिला माझ्यापेक्षा चांगलं दिसतं.

'तज्ज्ञांचं काम' हे तर वाचवत नाही. पगारी तज्ज्ञाला बहुतेकदा काही वर्षांचाच निधी मिळतो, तो संपला की मोजणी थांबते. दशकानुदशकं मोजत राहिलेत ते बरेचदा हौशी लोक. जर्मनीतल्या क्रेफेल्डच्या हौशी कीटक अभ्यासकांनी ६३ संरक्षित जागी सापळे लावून उडणारे किडे गोळा केले, वजनं केली, आणि २०१७ मध्ये जगाला कळलं की २७ वर्षांत ते वजन तीन चतुर्थांशाहून जास्त घटलंय. अमेरिकेतली नाताळातली पक्षीगणना १९०० साली २७ जणांनी सुरू केली, ती आजही चालू आहे. आणि मोनार्क फुलपाखरांचं तर ऐकाच. ती हिवाळ्यात कुठे जातात हे शोधायला कॅनडाचे प्राणिशास्त्रज्ञ फ्रेड अर्कहार्ट कित्येक वर्षं त्यांच्या पंखांना चिठ्ठ्या चिकटवत होते, मदतीला हजारो साधी माणसं. जानेवारी १९७६ मध्ये ते मेक्सिकोच्या डोंगरात पोचले तेव्हा फुलपाखरांच्या ओझ्याने एक फांदी मोडून पडली आणि त्या ढिगात एक पांढरी चिठ्ठी दिसली. ती आदल्या ऑगस्टमध्ये मिनेसोटातल्या एका शिक्षकाने आणि दोन शाळकरी मुलांनी लावली होती. उत्तरेतली फुलपाखरं हिवाळ्यात इथेच येतात याचा हातात धरता येईल असा पुरावा तो.

उपग्रहाला रानाचा हिरवेपणा दिसतो, एका झाडाची शेंग कच्ची की पक्की ते दिसत नाही, आणि वरून जे दिसतं ते बरोबर आहे का हे ताडून बघायला शेवटी खाली कुणीतरी लागतंच. अभ्यासाचं म्हणाल तर आठवड्याला दहा मिनिटं जातात. पुढे.

राहिलं 'फुकट राबवणं'. यात थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. काही ठिकाणी एक दिवस मुलांना टोप्या घालून बाहेर काढतात, फोटो होतात, मग वर्षभर सामसूम. काही ठिकाणी तक्ते नेमाने गोळा होतात पण त्यातून काय निघालं ते मुलांपर्यंत येतच नाही, शिक्षकांवरही ते वरचं ओझं म्हणून पडतं. भाचीने मला विचारलं होतं, "मामा, माझ्या झाडाचं पुढे काय केलं त्यांनी?" आणि मला सांगता आलं नाही, ते अजून टोचतंय. पण मग पालकांनी शाळेत जाऊन विचारा ना, मुलांच्या नोंदींचा आलेख वर्गात लावा म्हणून मागे लागा. खोटे तक्ते भरून कुणाचं भलं होणार आहे?

बहिणीशी तासभर बोललो. काल शनिवारी दोघी गेल्या. मधले दोन आठवडे चुकले होते, बहीण म्हणाली तेव्हा कळ्या नसणारच, 'नाही' लिहून टाक. भाचीने ते दोन रकाने रिकामेच ठेवले, आणि कालच्या तारखेपुढे कळ्यांच्या खाली लिहिलं, 'थोडी'.